फुगलेलें दार

सुतारकाम आम्हांस येतें, असा आमचा एके काळीं दृढ समज होता. शाळेच्या कार्यशाळेंत आम्हीं दोन स्टुलें व पुस्तकांची एक मांडणी केली होती, आणि गुण्या लावून काटकोन साधण्यांत आमचा हात धरणारा वर्गांत कोणी नव्हता. तो समज कसा नाहींसा झाला, हें सांगितल्यास आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींस कांहीं उपयोग होईल, या हेतूनें हे चार शब्द लिहीत आहों.

इ. स. २०१९ च्या मे महिन्यांत आम्ही रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या गांवीं गेलों होतों. आजीच्या खोलीचें दार वाळवीनें पोखरलें होतें. माळ्यावर सागाच्या जुन्या, खडखडीत वाळलेल्या फळ्या होत्या. त्या सरसानें एकमेकींस जोडून व मागून आडव्या पट्ट्या ठोकून आम्हीं तीस इंच रुंदीचें दार तयार केलें. चौकटींत तें असें चपखल बसलें कीं, कडेनें कागदही सरकूं नये! गांवचे वृद्ध सुतारकाका सहज येऊन पाहून गेले. "बाबा रे, पावसाला थोडी जागा ठेव," एवढेंच ते बोलले. आम्हीं मान डोलाविली. मनांत मात्र म्हटलें कीं, फटीच ठेवावयाच्या तर कारागिरी ती कसली?

पुढें जुलैंत पावसाची झड लागली. त्या किनाऱ्यावर वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घरांतील मीठसुद्धां पाझरूं लागतें. एके पहांटे आजीची हांक ऐकूं आली. तिला दम्याचा विकार. रात्रीं तिनें दार लावून घेतलें होतें, आणि आतां तें उघडेना. औषध माजघरांत राहिलेलें. त्या जुन्या खोलीस खिडकी नव्हती. उंचावर एक झरोका तेवढा होता. आम्हीं बाहेरून खांदा लावून ढकललें, पण दार तसूभर हलेना. लाथ मारावी, तर तें तिच्याच अंगावर यावयाचें. आंतून खोकल्याची उबळ ऐकूं येत होती.

सुतारकाकांस बोलावणें गेलें. त्यांनीं प्रथम बोटांनीं ठोकून दार कोठें अडतें तें पाहिलें. मग पटाशीनें तेथील कड थोडी थोडी उडवून पहारेनें दार मोकळें केलें. या कामास पाव तास लागला. आम्हांस तो युगासारखा वाटला. औषध घेऊन, जरा वेळानें आजी म्हणाली, "दार चांगलं केलंयस हो, पण जरा हट्टी आहे." ती रागावली असती, तर आम्हांस बरें वाटलें असतें.

त्या दिवशीं काकांनीं सांगितलें व आम्हीं नंतर पुस्तकांत ताडून पाहिलें, तें असें. झाड तोडलें तरी लांकडाचें ओलावा घेणें व टाकणें थांबत नाहीं. लांबींत तें जवळजवळ बदलत नाहीं. फरक पडतो तो रुंदींत. साग हें शांत लांकूड, तरी पुरतें ओलें व पुरतें कोरडें यांत त्याच्या रुंदींत शेकडा पांच-सहापर्यंत अंतर पडूं शकतें. केवळ हवेनें तें शेकडा एक जरी फुगलें, तरी तीस इंची दारास पाव इंचाहून अधिक जागा हवी. शिवाय आम्हीं दाराच्या दोन्ही अंगांस रंग दिला, पण वरची-खालची कड कोरडीच ठेविली. आणि लांकूड पाणी पितें तें मुख्यतः कापलेल्या टोकांनीं!

म्हणूनच जाणते कारागीर चौकटीचें दार करतात. चार इंची उभ्या पट्ट्या फुगून फुगून किती फुगणार? मधली फळी खांचेंत नुसती बसवावी, तिला सरस लावूं नये. म्हणजे ती खांचेंतल्या खांचेंत वाढते व आटते. कोरड्या दिवसांत दार बसवितांना कडीच्या बाजूस दोन नाण्यांच्या जाडीएवढी फट राखावी. त्यापूर्वीं सहाही अंगांस तेल वा रंग द्यावा. पावसाळ्यांत दार अडलेंच, तर अडतें तेवढेंच रंध्यानें काढावें. हिवाळ्यांत फट दिसेल, ती दिसूं द्यावी.

त्याच वर्षीं दिवाळीच्या सुटींत, काकांच्या हाताखालीं, आम्हीं असें दार केलें. आजीचा मात्र विश्वास उडाला होता. २०२० चा सारा पावसाळा तें अर्धें उघडेंच राहिलें. २०२१ च्या श्रावणांत एके रात्रीं, पाऊस कोसळत असतां, तिनें आपण होऊन दार लावून घेतलें. सकाळीं तें तिच्या एका हातानें उघडलें. आमच्या कामास याहून मोठें प्रशस्तिपत्र मिळालेलें नाहीं.

तेव्हां मित्रहो, काम आज डोळ्यांस कसें दिसतें, एवढेंच पाहूं नका. आषाढांत तें कसें वागेल, हेंही विचारीत जा. आणि एखादा वृद्ध कारागीर एकच वाक्य बोलून निघाला, तर त्याच्या मागोमाग जाऊन दुसरें विचारून घ्या.