वाचलेल्यांची मोजदाद

आमच्या चाचणीत मेलेल्या पेशींना फारसा भाव नाही, मोजायच्या त्या वाचलेल्या. एखादं रसायन जनुक बिघडवतं का हे पाहायचं, तर ज्या पेशीचं जनुक बिघडलंय तीच तेवढी जिवंत राहील अशी व्यवस्था करायची. ही शक्कल मला अजूनही भारी वाटते.

पेशी चिनी हॅमस्टरच्या. उंदरासारखा हा छोटा प्राणी. त्याच्या मादीच्या अंडाशयातल्या पेशी १९५७च्या सुमारास थिओडोर पक यांनी अमेरिकेत, कोलोरॅडोत वाढवायला घेतल्या, आणि त्यांचा वंश आजतागायत चालू आहे. आम्ही त्यांना नुसतं सीएचओ म्हणतो. बारा-चौदा तासांत दुप्पट होतात, प्लास्टिकला घट्ट धरतात, फारशी कुरकूर करत नाहीत.

त्यांच्यातलं एचजीपीआरटी हे विकर आमच्या कामाचं. पेशीत मोडतोडीतून उरलेलं ग्वानिन पुन्हा वापरात आणणं हा त्याचा उद्योग. त्याला ६-थायोग्वानिन दिलं की तेही ते ग्वानिन समजूनच उचलतं, त्याचं रूपांतर करतं, ते डीएनएत जाऊन बसतं आणि पेशी मरते. (हेच थायोग्वानिन रक्ताच्या कर्करोगावरचं औषध, १९८८चं नोबेल मिळवणाऱ्या एलियन आणि हिचिंग्ज यांच्या कामातून आलेलं.) या विकराचं जनुक बिघडलं, विकरच बनलं नाही, तर विष तयार होत नाही. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे त्याची चालू प्रत एकच, म्हणून एक घाव पुरतो. ओक रिजच्या प्रयोगशाळेत अब्राहम शिए आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात या कल्पनेची रीतसर चाचणी बांधली.

नव्या मुलांना सगळ्यात जड जातं ते मधलं वाट पाहणं. रसायन तीन ते सहा तास देऊन धुऊन टाकलं, डीएनएत बदल झाला, मग थायोग्वानिन लगेच का नाही? कारण पेशीत जुनं विकर शिल्लक असतं. जनुक मोडलं तरी कालचा साठा आज विष बनवतो आणि हवी ती पेशीच मरते. सात ते नऊ दिवस पेशी वाटत, वाढवत राहायचं. दर विभाजनाला साठा निम्मा होत जातो. हे दिवस कोणी वाचवू नयेत. वेळापत्रक काढणाऱ्या व्यवस्थापकांनी तर मुळीच नाही.

मग गर्दीचा प्रश्न. थायोग्वानिन घातलेल्या दहा सेंटिमीटरच्या डिशमध्ये आम्ही साधारण दोन लाख पेशी टाकतो. जास्त टाकल्या की पेशी एकमेकींना चिकटतात आणि धडधाकट शेजारीण आपल्यात तयार झालेलं विष जोडमार्गातून बिघडलेल्या पेशीला देऊन टाकते. इथे शेजारधर्म जीवघेणा. मग मोजणीत आकडा कमी येतो आणि रसायन निर्दोष ठरतं.

आठवड्याभराने पोषक माध्यम ओतून टाकून डिश रंगवायची. क्रिस्टल व्हायोलेटचे जांभळे ठिपके उजेडाकडे धरून बघायचे, डिशच्या पाठीवर मार्करने एकेकावर टिंब देत मोजायचे. पन्नासहून कमी पेशींचा पुंजका धरायचा नाही. मोठ्या ठिपक्याभोवती बारीक ठिपक्यांचा घोळका दिसला, तर कोणीतरी इन्क्युबेटरचं दार आपटलंय किंवा डिश हलवलीय असं समजावं. सुटलेल्या पेशी बाजूला रुजल्या आहेत. मोजणीयंत्र त्यांनाही स्वतंत्र ठरवतं, म्हणून मी डोळ्यांवरच भरवसा ठेवते.

रसायन न दिलेल्या डिशमध्येही दहा लाखांमागे पाच ते वीस वाचलेल्या सापडतात, कारण जनुकं आपसूकही बिघडतात. आधीपासूनच्या बिघडलेल्या पेशी काढायला सुरुवातीला हॅट माध्यमातून वाढवतो. त्यात एचजीपीआरटी नसलेल्यांचा निभाव लागत नाही. तरीही अशा डिशच्या मोजणीच्या चिठ्ठीवर सगळीकडे शून्य लिहिलेलं आलं, तर मला पंधरापेक्षा शून्याचाच जास्त संशय येतो.

एक मर्यादा मात्र आहे. जनुकाभोवतीचा मोठा तुकडाच गळला आणि त्यात शेजारचं अत्यावश्यक जनुक गेलं, तर पेशी मरते आणि मोजणीत येतच नाही. म्हणून एखाद्या कीटकनाशकाच्या अहवालात ‘जनुकीय बिघाड आढळला नाही’ असं वाचलंत, तर ही चाचणी एकटीच केलीय की गुणसूत्रांची मोडतोड पाहणारी चाचणीही सोबत आहे, ते आधी बघा.