तसबिरीवरची धूळ

दिवाळीची झाडलोट निघाली की घुग्घुसला पहिली लढाई कोळशाच्या धुळीशी. परवा नातीने देवघरातल्या तसबिरींवरचे प्लॅस्टिक कोरड्या फडक्याने घासघासून पुसले. घटकाभराने पाहते तो त्यावर पुन्हा काळी साय!

"आबा, जितकं पुसावं तितकी धूळ चिकटते," ती कुरकुरली.

"अगं, तूच तिला बोलावतेस," मी म्हणालो.

प्रत्येक वस्तूत धन आणि ऋण विद्युतभार सारखेच असतात. जमाखर्च जुळलेला, म्हणून सारे शांत. घासले की थोडे इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे जातात आणि हिशेब बिघडतो. मग असे प्लॅस्टिक जवळच्या धूलिकणातले विरुद्ध भार आपल्याकडे सरकवते आणि त्याला ओढून घेते. अंतर दुप्पट झाले की दोन भारांमधली ओढ चौथाई होते, हे कुलोमने १७८५ साली मोजून दाखवले.

"पण हात न लावता ओढतं कसं?"

"भाराभोवती त्याचा अंमल चालतो तेवढी जागा असते. तिला विद्युतक्षेत्र म्हणतात. आपलं 'शेत' याच 'क्षेत्रा'तून आलं."

शेत म्हणालो आणि पुढे मला बोलवेना.

तीस वर्षे मी शाळेत हेच शिकवले. कंगवा आणि कागदाचे कपटे हा माझा हुकमी प्रयोग. एका भाद्रपदात आमच्या शेतात निंदणाला आलेली एक बाई, सर आली म्हणून बांधावरच्या मोहाखाली उभी राहिली. ती घरी परतली नाही. ढगात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटतात, तळाशी ऋणभार साचतो, खालच्या जमिनीत धनभार ओढला जातो. उंच टोकाशी क्षेत्र सर्वांत तीव्र होते. मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्ट झाले की हवेचाही बांध फुटतो. सारे मला पाठ होते. फळ्यावर शेकडो मुलांना सांगितले. बांधावर एकीला सांगितले नाही.

आता दरसाल निंदणाच्या पहिल्या दिवशी मी बांधावर जातो. सांगतो, "गडगडलं की झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा."

बाया हसतात. "गुरुजी, इथंबी शाळा भरवता का जी?"

भरवतो. नातीला मी ओले फडके दिले आणि म्हटले, "यंदा तूही चल."