तंबूतली शेगडी

कळंब, मार्गशीर्ष

चि. भाच्यास,

हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला निघालायस, आणि थंडी वाजलीच तर गॅसची शेगडी तंबूत पेटवू म्हणतोस. तेवढं करू नकोस. तंबू पेटेल ही भीती आहेच, पण आग निदान दिसते. हवा अपुरी पडली की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, चढणीचा शीण असेल असं वाटून माणूस झोपतो आणि उठत नाही. जानेवारी 2020 मध्ये नेपाळातल्या दामनच्या रिसॉर्टमध्ये केरळचे 8 पर्यटक असेच गेले. खोली बंद, आत गॅसचा हीटर. तुझा तंबू तर त्या खोलीच्या कोपऱ्याएवढा.

तू म्हणशील, जुन्या घरांत शेगडी असायचीच की. असायची, पण माळवदाला धूर जायला भोक ठेवलेलं असे, आणि दारांच्या फटी वेगळ्याच. कोळशाला धूर नाही म्हणून तो निर्धोक, हाही गैरसमज. उलट निखाऱ्यातूनच हा वायू जास्त निघतो. मग तंबूची चेन थोडी उघडी ठेवू? जीव वाचवण्याएवढी फट ठेवलीस तर तिच्यातून ऊबही जाणार. पातळ कापडात ती टिकत नाहीच. शेगडी विझली की दहा मिनिटांत पुन्हा गारठा, वर जळत्या गॅसच्या वाफेनं पांघरूण ओलसर. आपल्या भागातून ऊसतोडीला जाणारी माणसं अख्खा हिवाळा कोपीत काढतात (हौसेनं नव्हे, हे विसरू नकोस). त्यांची चूल बहुधा कोपीबाहेर असते, आत असतात वाकळा.

ऊब अंगातच तयार होते, ती फक्त जाऊ द्यायची नाही. सगळ्यात जास्त ओढून घेते ती जमीन, म्हणून दोन पांघरुणं असतील तर एक आधी खाली घाल. घामाचा सदरा बदल, शेंगदाणे-गूळ खाऊन झोप. शेगडी बाहेर सपाट दगडावर मांड, पण वाऱ्यासाठी चारी बाजूंनी दगड रचू नकोस, गॅसचा डबा तापतो. त्याला हात लावता आला पाहिजे. उकळलेलं पाणी स्टीलच्या बाटलीत भर, झाकण घट्ट लाव, मोज्यात घालून पायाशी घे.

आणि रात्री कुणाचं डोकं दुखायला लागलं, तर आधी त्याला तंबूबाहेर काढा. गोळी नंतर.

तुझा,
मामा