तितिक्षा आणि पायगाडी

शीत-उष्ण, सुख-दुःख ही द्वंद्वे कुरकुर न करता सोसणे, यास आपल्या शास्त्रकारांनी तितिक्षा हे नाव दिले आहे. हा शब्द आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकविला. तथापि त्याचे इतके सुबोध उदाहरण आमच्या धाकट्या सूनबाई घरातच पुरवितील, असे मात्र वाटले नव्हते.

गेल्या आश्विनात त्यांनी नंदुरबारहून प्रकाशा, शहादा या मार्गाने सायकलीवर तोरणमाळ गाठून त्याच दिवशी परतण्याचा बेत मांडला. अंतर 200 किलोमीटर भरावे म्हणून शहराजवळ एक लहानसा फेराही अधिक धरला. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "हस्ताचा पाऊस, घाटाची वाट आणि घरची सून एकटी! ही कसली शर्यत?"

"मामंजी, ही शर्यत नव्हेच," सूनबाई आम्हांस म्हणाल्या. मग त्यांनी 'ब्रेव्हे' या फ्रेंच प्रकाराचे नियम सांगितले. 200 किलोमीटरांस 13 तास 30 मिनिटे, 300 स 20 तास, 400 स 27 तास, 600 स 40 तास. पहिला-दुसरा असा क्रमांक नाही. ठराविक ठाण्यांवर नेमलेल्या वेळेनंतर पोहोचलेले चालत नाही. पण त्याआधीही पोहोचून उपयोग नाही! ऊन असो वा पाऊस, मुदत तीच. दोन ठाण्यांच्या मध्ये कोणाची मदत घ्यावयाची नाही. अतिवेग आणि आळस या दोहोंस सारखेच वर्ज्य करणारा हा नियम आम्हांस फारच आवडला.

आपल्या प्रांतास हे साहस नवे नाही. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी 2015 साली जोडीने, पाळीपाळीने सायकल चालवून, अमेरिका खंड पश्चिमेकडून पूर्वेकडे नऊ दिवसांच्या आत ओलांडले. 2017 साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे 4,800 किलोमीटरांची वाट एकेकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत संपविली. वाळवंटातील होरपळ आणि रॉकी पर्वतावरील गारठा एकाच प्रवासात! अर्थात त्यांच्या मागे मोटारीतून सोबत्यांचे पथक होते. सूनबाईंच्या मागे कोणी नव्हते.

पहाटे पाचास त्या निघाल्या. प्रकाशास तापीवर दाट धुके होते. शहाद्यापुढे केळीच्या बागांतून जाताना आश्विनाचे ऊन भाजू लागले. आणि सातपुड्याच्या घाटात विजांसह पाऊस कोसळला. तेव्हा त्यांनी काय केले? सायकल भिंतीस टेकवून एका ओसरीवर चाळीस मिनिटे स्वस्थ बसल्या. मुदत सरत होती, तरी उठल्या नाहीत. उतरतानाही ओल्या वळणांवर सायकल हाती धरून चालल्या. परतीस समोरून वारा होता. सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे 13 तास 10 मिनिटांत, त्या दारी आल्या. वहिनींनी ऊन पाणी तयारच ठेविले होते.

आमच्या मते त्या दिवशीची खरी कसोटी घाटाची चढण नव्हे, ती चाळीस मिनिटे होत. सोसणे म्हणजे दडपून पुढे घुसणे नव्हे. कोठे थांबावे हे ज्यास कळते, तोच शेवटपर्यंत पोहोचतो. आपल्या घरातील एखादे माणूस असा बेत घेऊन आले, तर वडीलधाऱ्यांनी लोक काय म्हणतील हे विचारण्यापूर्वी एवढेच विचारावे : "वीज कडाडली तर तू थांबशील ना?" उत्तर मनापासून आले, तर आशीर्वाद देऊन खुशाल निरोप द्यावा.