कानांनीं वाचलेलें

गेल्या दीड वर्षांत मीं ज्या कादंबऱ्या वाचल्या असें लोकांस सांगतों, त्यांपैकीं निम्म्या मीं वाचलेल्या नाहींत, ऐकलेल्या आहेत. आमच्या महाविद्यालयांतील एका तरुण सहकाऱ्याचें म्हणणें असें कीं, ह्या दोन क्रियापदांत भेद करीत बसणें हा निव्वळ वयाचा परिणाम होय; कादंबरी डोळ्यांवाटे मनांत शिरली काय अन् कानांवाटे शिरली काय, मुक्कामाचें ठिकाण एकच! हें मला पटत नाहीं. पण तें खोडून काढणें वरवर वाटतें तितकें सोपेंहि नाहीं. नवविधा भक्तींत पहिला मान श्रवणाचा; वाचनाचें तेथें नांवहि नाहीं. चातुर्मासांत ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ ऐकण्यांत ज्यांचीं आयुष्यें गेलीं, त्या आमच्या आज्या-पणज्यांना ते ग्रंथ ठाऊक नव्हते असें कोण म्हणेल?

मोबाईलवर पुस्तक ऐकण्याचा हा प्रकार आमच्या घरीं आला तो आईच्या डोळ्यांमुळें. दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजल्यानें तिला समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाहीं. मग अक्षर कोठून लागणार? २०१७ सालीं स्वीडनची स्टोरीटेल ही कंपनी भारतांत आली, आणि तेव्हांपासून मराठी पुस्तकेंहि अशीं ऐकावयास मिळूं लागलीं. आईसाठीं घेतलेली ही सोय मीच अधिक भोगूं लागलों, आणि कानाच्या वाचनाचे गुणदोष हळूहळू ध्यानांत येऊं लागले.

सुझॅना क्लार्क ह्या इंग्रज लेखिकेची ‘पिरानेसी’ (२०२०) मीं आधीं वाचली आणि मागाहून चुइटेल एजिओफॉर ह्या नटाच्या आवाजांत ऐकली. अंत नसलेल्या दालनांचा एक वाडा. खालच्या दालनांत समुद्राची भरती, वरच्यांत ढग, मध्यें पुतळ्यांच्या रांगा. आणि त्यांत जवळजवळ एकटाच राहून रोजनिशी लिहिणारा एक भाबडा माणूस. इंग्रजींत विशेषनामाचें पहिलें अक्षर मोठें लिहितात. ह्या माणसाला दालन, पुतळा, भरती हीं सगळींच विशेषनामें वाटतात, म्हणून तो तीं मोठ्या अक्षरानें लिहितो. डोळ्यांना ही खूण पानोपानीं दिसते, आणि त्याची श्रद्धा न सांगतां कळते. कानाला मोठें अक्षर आणि लहान अक्षर दोन्ही सारखींच. (आपल्या देवनागरींत तर ही सोयच नाहीं, मराठी अनुवादकानें येथें काय करावें, हा प्रश्न परीक्षेंत घालण्याजोगा आहे.) तरीहि ऐकतांना मला फारसें कांहीं हरवल्यासारखें वाटलें नाहीं. ह्या नटानें अभिनयाचा हात आखडता ठेवला आहे. त्याच्या आवाजांत एक अदब आहे, आणि ती अदबच त्या मोठ्या अक्षराचें काम करते.

ह्याच्या अगदीं उलट टोक म्हणजे जॉर्ज सॉन्डर्सची ‘लिंकन इन द बार्डो’, २०१७ च्या बुकर पारितोषिकाची मानकरी. १८६२ सालीं अध्यक्ष लिंकन ह्यांचा ११ वर्षांचा मुलगा विली वारला. त्याला पुरल्यानंतर रात्रीं बाप स्मशानांत येतो, आणि तेथील भुतें त्याच्याभोंवतीं बोलूं लागतात, अशी ही कथा. भुतांची गर्दी मोठी, म्हणून ध्वनिमुद्रणालाहि १६६ माणसें! कागदावर प्रत्येक बोलण्याच्या खालीं बोलणाऱ्याचें नांव असतें. म्हणजे शब्द आधीं, माणूस मागून. क्षणभर त्या शब्दांना धनी नसतो, आणि तेवढ्या क्षणांत वाचक आपल्याच मनांत तो आवाज काढून पाहतो. ऐकतांना ह्या सुखाला जागा नाहीं. शब्द आवाजासकटच येतो. नाटक उत्तम झालें आहे. मला कादंबरी हवी होती.

नंदा खरे ह्यांची ‘उद्या’ मात्र मीं कागदावरच वाचली. साहित्य अकादमीनें २०२० चें पारितोषिक तिला दिलें आणि लेखकानें तें नाकारलें, हें बहुतेकांना ठाऊक असेल. माणसांच्या बारीकसारीक हालचालींवर पाळत ठेवणाऱ्या उद्यांच्या जगाची ही कथा. तिच्यांत पुष्कळदां थांबून मागचें पान उलटावें लागतें. शिवाय, मी कोणत्या वाक्यावर थांबलों ह्याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रावर ती ऐकणें मला जरा चमत्कारिकच वाटलें असतें.

मला पोथी वाचणाऱ्यांची आठवण होते ती अभिनयाचा विषय निघाला म्हणजे. लहानपणीं ऐकलेले एक गृहस्थ द्रौपदीचें वस्त्रहरण असो कीं भीमाचें जेवण असो, दोन्ही एकाच संथ चालींत वाचीत. तेव्हां तें फार कंटाळवाणें वाटे. पण बायका डोळ्यांना पदर लावीत. रडण्याचें काम गृहस्थांनीं त्यांच्याकडे राहूं दिलें होतें. परवां एक मराठी कादंबरी आम्ही दोघें ऐकत होतों. तिचें नांव सांगत नाहीं. नायिकेचा नवरा वारतो तेथें वाचणारी बाई हुंदके देऊं लागली, मागून बासरीहि सुरू झाली. आई कांहीं वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “तीच रडाय लागली, मग मी काय करायचं? बंद कर ते. तू वाच.”

म्हणून मीं कृष्णात खोत ह्यांची ‘रिंगाण’ काढली. २०२३ चें साहित्य अकादमी पारितोषिक मिळालेली ही कादंबरी मीं पूर्वींच एकट्यानें वाचली होती. धरणानें उठविलेल्या गांवचा एक माणूस मागें राहिलेली म्हैस आणावयास परत जातो, तों ती रानटी होऊन बसलेली. तीस वर्षें इंग्रजी साहित्य शिकविण्यांत गेल्यामुळें पन्हाळ्याकडील ती बोली पानावर माझ्या डोळ्यांना अडखळवीत असे. मोठ्यानें वाचूं लागल्याबरोबर वाक्यें आपोआप आपल्या ठेक्यावर पडूं लागलीं. आईचें माहेर त्याच बाजूचें. लग्न होऊन पुण्यास आली तेव्हां तिनें ती बोली टाकून दिली, कां तें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें. मी वाचूं लागल्यावर चौथ्या-पांचव्या दिवशीं तिच्या बोलण्यांत ती परत आली.

मध्येंच ती हात वर करते. मी थांबतों. ती बराच वेळ कांहीं बोलत नाहीं. कधीं एखाद्या म्हशीचें नांव घेते, ती कोणी विकली तें सांगते, आणि “हं” म्हणते, कीं मी पुढें वाचावयाचें. यंत्रालाहि थांबवितां येतें. पण त्यासाठीं तिला बटण चांचपावें लागतें, आणि तोंवर वाक्य पुढें गेलेलें असतें.

म्हैस आणि माणूस समोरासमोर येतात त्या भागाशीं आम्ही आलों, तेव्हां मी नेहमींप्रमाणेंच वाचीत होतों, अशी माझी समजूत. आईनें हात वर केला. “तुला फुडचं ठावं हाय न्हवं? आवाजावरनं कळाय लागलंय. सांगू नगंस.”

आतां मी त्या पोथीवाल्या गृहस्थांच्या चालीवर वाचतों. रोज दहा पानें होतात; थोडींच उरलीं आहेत.