बायोफीडबॅक शिकायचे तर

सोलापूर

चि. ऋतुजा हिस,


तुझे सविस्तर पत्र मिळाले. ऑनलाइन प्रमाणपत्र घेऊन वर्षभरात सोलापुरात बायोफीडबॅकचे केंद्र काढायचे, की फिजिओथेरपीला प्रवेश घेऊन साडेचार-पाच वर्षे द्यायची, असा तुझा प्रश्न आहे, आणि मन पहिल्या वाटेकडे झुकले आहे हे ओळींतून कळते. मी दुसरी वाट धर म्हणते. पण मावशी सांगते म्हणून तू ऐकावेस अशी माझी अपेक्षा नाही. शरीरात काय चालले आहे ते सेन्सरने मोजून रुग्णाला दाखवायचे आणि ते बदलायला शिकवायचे, या उपचाराबद्दल आजवर जे तपासले गेले आहे, ते नीट पाहिले तर उत्तर त्यातच सापडते असे मला वाटते, म्हणून ते तुझ्यापुढे मांडते.

ज्या आजारात बायोफीडबॅकचा गुण सर्वांत ठळक दिसला, तिथूनच सुरुवात करू. तो आजार आहे जुनाट बद्धकोष्ठाचा एक प्रकार, आणि तू काढायचे म्हणतेस त्या केंद्राच्या जाहिरातीत तो बहुधा येणारही नाही. काही माणसांत शौचाला जोर करताना गुदद्वाराचा स्नायू सैल पडायचा तो उलट आवळला जातो, आणि हे त्यांचे त्यांना जाणवत नाही. सेन्सर लावून तो आवळलेला स्नायू पडद्यावर दाखवला की तो सोडायला शिकता येते. इटलीत किआरिओनी आणि सहकाऱ्यांनी अशा 109 रुग्णांवर केलेली चाचणी 2006 साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी बायोफीडबॅकच्या गटात 80 टक्के रुग्णांना मोठा फरक पडला होता, रेचक घेणाऱ्यांत 22 टक्क्यांना. मात्र त्याच संशोधकांचे आदल्या वर्षीचे काम याच्या शेजारी ठेवून वाच. तिथे दोन प्रकारच्या बद्धकोष्ठावर एकच उपचार दिला होता. स्नायू चुकीचा आवळणाऱ्यांत 71 टक्के समाधानी होते, आणि ज्यांचे आतडेच मंद चालते त्यांच्यात फक्त 8 टक्के. यंत्र तेच आणि शिकवणारे हातही तेच होते. फरक कुठला रुग्ण कोणत्या प्रकारचा आहे एवढाच होता, आणि तो लॅपटॉपवर कळत नाही. त्यासाठी आतड्याची गती मोजावी लागते, रुग्णाची हकीकत ऐकावी लागते, तपासावे लागते, आणि रक्त पडते का, वजन घटले का, हे विचारून वेळीच डॉक्टरांकडे पाठवावे लागते. तू ज्या अभ्यासक्रमाची माहिती पाठवलीस, त्यात यातले एक पानही नाही.

आता उलट बाजूचा पुरावा बघ. खोकताना, शिंकताना लघवी सुटणे ही बायकांची मोठी आणि न बोलली जाणारी तक्रार. तिच्यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्याला बायोफीडबॅकची जोड देतात. ब्रिटनमध्ये 600 बायकांवर याची चाचणी झाली आणि 2020 साली तिचे निष्कर्ष आले. निम्म्या बायकांना नुसता व्यायाम नीट शिकवला, निम्म्यांना व्यायाम आणि यंत्र दोन्ही दिले. दोन वर्षांनी दोन्ही गटांत तक्रारीची तीव्रता जवळजवळ सारखीच निघाली. चंचल, लक्ष न टिकणाऱ्या मुलांसाठी मेंदूच्या लहरींवरचे जे न्यूरोफीडबॅक महाग दराने विकले जाते, त्याचेही असेच झाले. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत 144 मुलांपैकी काहींना खरे फीडबॅक दिले, बाकीच्यांना त्यांच्या स्वतःच्या लहरींशी संबंध नसलेले. पालकांना आणि शिक्षकांना दोन्ही गटांत सुधारणा दिसली, आणि ती साधारण सारखीच होती. यावरून बायोफीडबॅक खोटे आहे असा अर्थ मी काढत नाही. ताणाच्या डोकेदुखीवर त्याचा उपयोग होतो याला बरा आधार आहे; 2008 सालच्या एका आढाव्यात 53 अभ्यास एकत्र तपासले होते. मी एवढेच म्हणते की जिथे यंत्राने काही जास्तीचे दिले नाही, तिथेही शिकवणाऱ्या माणसाने बरेच दिले. बाईला कुठला स्नायू कसा आवळायचा हे कळले, ते तिला नीट समजावून देणारी फिजिओथेरपिस्ट समोर होती म्हणून. म्हणजे तुला पाच वर्षांत जे मिळणार आहे ते उपचाराचे खोड आहे, आणि प्रमाणपत्रात मिळते ती त्यावरची एक फांदी.

शरीरावरचा ताबा यंत्राने मोजून पाहणे महाराष्ट्राला नवे नाही, हे तुला ठाऊक असायला हवे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले, आणि नौली ही पोटाचे स्नायू फिरवण्याची योगक्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब किती उतरतो हे दाबमापक लावून मोजले. श्रद्धा होती तरी ती मोजून घेण्याचा त्यांचा आग्रह होता. पुढे 1957 मध्ये वेंगर आणि बागची हे संशोधक अमेरिकेहून आले आणि योग्यांच्या तपासण्या करत भारतभर हिंडले. हृदय थांबवतो असे सांगणाऱ्यांची नाडी खरोखरच हाताला लागेना, स्टेथोस्कोपमध्ये ठोकेही ऐकू येईनात. पण ईसीजीच्या कागदावर हृदय चालूच होते. श्वास कोंडून छातीचे आणि पोटाचे स्नायू ताणले की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, म्हणून ठोका क्षीण होतो. कुठले साधन नेमके काय मोजते आणि आकडा बदलण्यामागे शरीरात काय घडले, हे सांगता येणे हेच या कामाचे खरे शिक्षण. शरीरक्रियाशास्त्र पक्के नसेल तर पडद्यावरची रेघ वर गेली की शिकवणाराही खूश आणि शिकणाराही खूश, आणि बदललेले काहीच नसते.

सोलापुरात तर ही अडचण पावलोपावली येईल. बोटांचे तापमान वाढवायला शिकवणे हा बायोफीडबॅकचा जुना प्रकार. मन आणि रक्तवाहिन्या सैलावल्या की बोटे गरम होतात, अगदी 34-35 अंशांपर्यंत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पंख्याखालची खोलीच त्याहून तापलेली असते. तिथे बोटाचा आकडा शांतीचा की उन्हाळ्याचा? घामावरून ताण मोजणाऱ्या सेन्सरचेही तेच. पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षे काम केलेल्या कामगारांपैकी अनेकांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत. त्यांना सूर ऐकवून फीडबॅक देणे निरुपयोगी ठरेल, दिवा किंवा आलेख लागेल. विड्या वळणाऱ्या बायका सूप मांडीवर घेऊन तासन् तास मान खाली घालून बसतात. त्यांच्या मानेवर आणि खांद्यावर ईएमजीचे, म्हणजे स्नायूंतला विद्युत संकेत मोजणारे, इलेक्ट्रोड लावायला मलाही आवडेल, कारण स्नायू कामाआधीच किती ताठ धरला आहे हे बाईला डोळ्यांनी दिसेल. पण तो सैल सोडायला शिकवून तिला परत त्याच बैठकीत पाठवले तर काय साधले? बैठकीची उंची, मधली विश्रांती, मानेच्या मणक्याची तपासणी, हाताला मुंग्या येतात का, या सगळ्याचा विचार फिजिओथेरपिस्ट करते. शिवाय हे शिकवायचे तेलुगूत, कन्नडमध्ये, आपल्या दखनी हिंदीत. ‘खांदा सोडा’ हे रुग्णाच्या भाषेत सांगता येणे कुठल्याही सेन्सरपेक्षा मोलाचे आहे, आणि तुला तेलुगू बोलता येते ही तुझी मोठी जमेची बाजू आहे.

तुझे आक्षेप मी टाळत नाही. परदेशात हा स्वतंत्र व्यवसाय आहे, असे तू लिहितेस. तिकडची सर्वांत मान्य संस्था बीसीआयए, 1981 साली स्थापन झालेली. तिचे नियम काढून वाच. उपचारक म्हणून प्रमाणपत्रासाठी ती आधी आरोग्यक्षेत्रातली पदवी मागते. मग 42 तासांचे वर्ग, शरीररचनेचा अभ्यास, जाणत्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवरचे काम, आणि शेवटी परीक्षा. आजारावर उपचार करायचे तर उपचाराचा परवाना हवा, नाहीतर परवानाधारकाच्या हाताखाली काम करावे लागते. म्हणजे तिकडेही पायावरच मजला चढतो. दुसरे, प्राणायाम फुकट असताना यंत्र कशाला, असे लोक म्हणतील आणि त्यात तथ्य आहे. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की हृदयाच्या गतीतले चढउतार वाढतात, हे यंत्राशिवायही घडते. ज्याला ते नीट जमते त्याला यंत्र विकू नये. यंत्र त्या माणसासाठी, ज्याला शरीरात काय चालले आहे ते जाणवतच नाही. आणि यंत्राचे काम त्या माणसाला यंत्राविना जमायला लावण्याचे. चार-सहा आठवड्यांनी रुग्णाला सेन्सरविना तेच जमते का, हे तपासत नसेल ते केंद्र नुसते भाडे वसूल करते.

राहिला पैशाचा आणि वर्षांचा प्रश्न, आणि तो खरा आहे. घरची ओढाताण मला माहीत आहे. पण फिजिओथेरपीची पदवी हातात असली तर केंद्र चालले नाही तरी तू रुग्णालयात, लकवा झालेल्या रुग्णांच्या घरी, कारखान्यात काम करू शकतेस. नुसत्या प्रमाणपत्रावर यातले कुठलेच दार उघडत नाही, आणि एखाद्या रुग्णाचे बिघडले तर तुझ्यामागे कायदाही उभा राहत नाही. मन आणि ताण हाच तुझा खरा ओढा असेल तर चिकित्सा मानसशास्त्राची वाटही आहे. तिथे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम घे, आणि ती मान्यता चालू आहे का हे परिषदेच्या यादीत स्वतः बघून घे.

प्रवेशफेरीचा पसंतीक्रम भरताना महाविद्यालयाच्या नावापेक्षा त्याला जोडलेले रुग्णालय किती मोठे आहे ते बघ. ओपीडीत रुग्ण असतील तरच हात शिकतात. स्त्रियांच्या तक्रारींचा फिजिओथेरपी विभाग कुठे चालतो, ईएमजी यंत्र प्रत्यक्ष वापरात आहे की कपाटात, हेही विचार. पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया अवघड जाईल, तेव्हा मला लिही. तो ऑनलाइन अभ्यासक्रम मात्र आत्ता भरू नकोस. त्याचे पैसे पहिल्या वर्षाच्या पुस्तकांना ठेव.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी