राजूरची दुसरी वाट

वीकएण्ड म्हटलं की आपल्याला महाबळेश्वर, अलिबाग आणि फारच झालं तर ताडोबा आठवतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीजवळचं राजूर कुणाच्याच यादीत नसतं. माझ्याही नव्हतं. पण 'काळं आणि पांढरं एकाच गावात बघायचंय?' असं एका मित्राने विचारलं, आणि मी कॅमेरा, लॅपटॉप आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्क सॅकमध्ये कोंबून निघाले.

काळा म्हणजे कोळसा. हे गाव 'राजूर कॉलरी' म्हणूनच ओळखलं जातं. आणि पांढरा म्हणजे चुना. गाव जवळ आलं की रस्त्याकडेची झाडंसुद्धा पावडर लावल्यासारखी दिसतात. भट्टीत चुनखडीचा दगड आणि कोळसा टाकून पेटवतात. साधारण 900 अंशांच्या पुढे दगडातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि खाली राहतो कळीचा चुना. हिशेब सोपा आहे. 100 किलो शुद्ध चुनखडीतून जास्तीत जास्त 56 किलो चुना मिळतो, बाकीचे 44 किलो हवेत! त्या चुन्यावर पाणी पडलं की तो खदखदतो. घामाच्या हातांनी तो भरणाऱ्यांचं काय होत असेल, ते त्यांच्या बोटांच्या भेगा बघून कळतं.

तिथेच एक काकाजी भेटले. खाणीतून रिटायर झालेले. 1973 मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा नुकतेच कामाला लागले होते. काकूंचं आयुष्य भट्टीवर गेलेलं. दोघांचा एकत्र असा धड फोटोच नव्हता. मी दारातच त्यांना उभं केलं. काकूंनी पदर सारखा केला, काकाजींनी टोपी घातली. क्लिक! 'मोठा करून पाठवते,' मी ऐटीत सांगून टाकलं.

रात्री वणीच्या लॉजवर सगळे फोटो हार्ड डिस्कवर टाकले, केबल खस्सकन ओढली, आणि उद्यासाठी जागा हवी म्हणून कॅमेऱ्यातलं कार्ड फॉरमॅट केलं. झोप मस्त लागली.

सकाळी डिस्क जोडली. दिवा लुकलुकला, टिक... टिक... आवाज आला आणि पुढे काहीच नाही. पुन्हा जोडली. यावेळी विंडोजने प्रेमाने विचारलं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? माझा हात माऊसवर, आणि पोटात खड्डा. एक बरं केलं, 'हो' म्हटलं नाही.

काकाजींकडे चहाचं कबूल केलं होतं. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काहून व बाई, तोंड उतरलं?" मी सगळं सांगितलं. हार्ड डिस्क म्हणजे काय ते त्यांना कळलं की नाही, कोण जाणे. पण ते म्हणाले, "खानीत उतराची एकच वाट असली तं चालत नाही. भायेर निंघाले दुसरी लागतेच. तुह्याजवळ एकच होती काय?"

खरंच आहे. जमिनीखालच्या कोळसा खाणीला बाहेर पडायच्या किमान दोन वाटा हव्यात, हा नियमच आहे. एक ढासळली तर माणसं दुसरीकडून बाहेर येतात. आणि मी? माझं वर्षभराचं काम तळहाताएवढ्या एका डबीत!

वणीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मुलाने डिस्क हातात घेण्याआधी विचारलं, "मॅडम, कार्ड कुठंय? फॉरमॅट केल्यावर त्यावर नवीन फोटो काढले?" नव्हते काढले. मूडच नव्हता. "मग काढू पण नका!"

कॅमेऱ्यातल्या साध्या फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते. फोटो जागेवरच असतात, नवे फोटो त्यांच्यावर बसेपर्यंत. त्याने 'फोटोरेक' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. फायलींची नावं गेली, पण फोटो आले. काकूंचा पदर, काकाजींची टोपी, सगळं. माझी दुसरी वाट माझ्याच कॅमेऱ्यात होती!

मग डिस्कची पाळी. केबलच्या टोकात पांढरी धूळ बसली होती आणि ते सैलही झालं होतं. छोटी डिस्क सगळी वीज यूएसबीतूनच घेते. यूएसबी 2.0 मध्ये 500 मिलीअँपिअर, 3.0 मध्ये 900. फिरायला सुरुवात करताना तिला सगळ्यात जास्त वीज लागते. ती पुरली नाही की डिस्क धापा टाकते. नवी केबल, डेस्कटॉपच्या मागचा पोर्ट, आणि आवाज थांबला! पण मी केबल ओढल्यामुळे आतली यादी बिघडलेली होती. त्याने आधी अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि दुरुस्ती त्या नकलेवर केली. मूळ डिस्कला हात नाही. संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळं परत आलं.

महिन्याभराने फ्रेम केलेला फोटो घेऊन मी पुन्हा राजूरला गेले. काकूंनी तो बराच वेळ बघितला. काकाजी म्हणाले, "अजून एक काढून दे. पोरीच्या घरी ठेवाले." दोन घरं, दोन फोटो. बॅकअपचा फंडा यांना कुणी शिकवायची गरजच नव्हती.

डिस्क उघडत नाही?

* आधी केबल बदला, मग पोर्ट, मग कॉम्प्युटर. हब नको.
* फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नसेल तर 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे दिसली पण अक्षर नसेल, तर एखादं अक्षर देऊन बघा.
* 'फॉरमॅट करायची का?' उत्तर एकच, नाही! डेटा हवा असेल तर आधी नक्कल, मग दुरुस्ती.
* चांगल्या केबलवरही टकटक आवाज येतोय? बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्या. घरी उघडू नका.
* तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी.

कसे जाल? नागपूरहून वरोरामार्गे वणी, तिथून राजूर जवळच. रुमाल न्या, आणि कॅमेऱ्याची बॅग बंद ठेवा.